फलित बीजाचा अ.पा.क. कोण?

तुम्ही विचारलंय, "अमेरिकेत फलित स्त्रीबीजाला व्यक्तीचा कायदेशीर दर्जा द्या, अशी चळवळ आहे. जीव तिथूनच सुरू होतो, तर मग भारतात असा कायदा का नको?"

आधी माझा यात काय संबंध ते सांगून टाकते. मी वकील आहे, फोर्टला बसते, बहुतेक कामं वारसाहक्काची आणि मृत्युपत्रांची. दुसरं म्हणजे दादरच्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांवर आमची तीन फलित बीजं ठेवलेली आहेत. एकूण पाच होती. पहिलं ट्रान्सफर केलं, राहिलं नाही. दुसरं राहिलं; ती आता तिसरीत आहे आणि मी हे लिहीत असताना शेजारी बसून सोळाचा पाढा चुकतेय. उरलेल्या तिघांचं भाडं दरवर्षी भरतो.

बघा, 'तिघांचं' लिहून गेले. सेंटरमधली मुलगी फोनवर विचारते, "मॅडम, तीन एम्ब्रियो कंटिन्यू करायचे ना?" आणि नवरा घरी म्हणतो, "आपली तिघं आहेत अजून तिथे." मराठीत वस्तू तीन असतात आणि माणसं तिघं. घरात आमचं हे व्याकरण अजून ठरलेलं नाही. पण कोर्टात मला कुणी विचारलं, तर मी 'तीन' म्हणेन, आणि का ते सांगते.

जीव कधी सुरू होतो आणि कायद्याने व्यक्ती कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फलित बीज जिवंत आहे, मानवी आहे, त्याचा डीएनए आईचाही नाही आणि बापाचाही नाही, त्याचा स्वतःचा आहे. हे कुणी नाकारू नये. मी तर नाहीच नाकारणार. पण कायद्यातली 'व्यक्ती' म्हणजे माणूसच असं नसतं. कंपनी व्यक्ती आहे. हिंदू देवतेची मूर्ती व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, १९२५ मध्ये सांगितलं आणि ते आजही चालतं. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावी सातबाऱ्यावर देवाचं नाव आहे. २०१७ मध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवलं, तर काही महिन्यांतच राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं: पूर आला तर नुकसानभरपाई नदीकडून मागायची का? स्थगिती मिळाली. म्हणजे हा दर्जा कायदा देतो तो काही काम साधायला, आणि दिल्यावर त्याची बिलं कुणाकडे येतात हे बघावं लागतं.

त्यातही जी व्यक्ती स्वतः बोलू शकत नाही, तिच्यासाठी दुसरं कुणीतरी बोलावं लागतं. देवाला वहिवाटदार असतो. अज्ञान मुलाचं नाव सातबाऱ्यावर लागलं की पुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं किंवा बापाचं नाव येतं: अज्ञान पालनकर्ता. तर माझा तुम्हाला पहिला प्रश्न हाच, फलित बीजाचा अ.पा.क. कोण? आई म्हणाल, तर वादच संपतो, कारण निर्णय पुन्हा तिच्याकडेच आला. आणि आई नसेल, सरकार असेल किंवा नवरा असेल, तर त्याची वहिवाट नेमकी कुठे चालणार? देवाचा वहिवाटदार देवळात येतो-जातो, दिवाबत्ती बघतो, देवळाला त्याचं काही दुखत नाही. इथे देऊळ म्हणजे एका बाईचं शरीर आहे.

अमेरिकेतलं थोडक्यात. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या 'रो' निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या 'व्यक्ती' या शब्दात न जन्मलेलं मूल येत नाही. तेव्हापासून गर्भपातविरोधी मंडळींचा हिशोब साधा आहे: ते व्यक्ती ठरलं की बाकीचं आपोआप होईल. कोलोरॅडो राज्यात २००८, २०१० आणि २०१४ अशा तीन वेळा हे मतदारांपुढे गेलं आणि तिन्ही वेळा मोठ्या फरकाने पडलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मिसिसिपी. अतिशय धार्मिक, गर्भपाताला कडवा विरोध असलेलं राज्य. तिथेही २०११ मध्ये सुमारे ५८ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. गर्भपात वाईट आहे असं मानणाऱ्यांनाही आयव्हीएफचं काय, गर्भनलिकेत रुजलेल्या गर्भाचं काय, तांबीचं काय, हे प्रश्न पडले. (तांबी मुख्यतः बीज फलितच होऊ देत नाही. पण फलित झालंच तर ते रुजण्यात ती आडवी येते असं मानणारे आहेत, आणि बीज व्यक्ती ठरलं की तेवढी शंकाही पोलिसांना पुरते.)

मग २०२२ मध्ये रो निकाल रद्द झाला, विषय राज्यांकडे गेला, आणि १६ फेब्रुवारी २०२४ ला अलाबामाच्या सुप्रीम कोर्टाने गोठवलेली फलित बीजं ही 'मुलं' आहेत असा निकाल दिला. आधार होता १८७२ चा, अज्ञान मुलाच्या मृत्यूबद्दल भरपाई मागण्याचा कायदा. प्रकरण असं होतं: २०२० मध्ये हॉस्पिटलमधला एक रुग्ण भटकत गोठवणखोलीत शिरला, त्याने बीजं उचलली, हात गारठून भाजला आणि ती जमिनीवर पडली. आणि कोर्टात कोण गेलं होतं? ज्यांची ती बीजं होती ती जोडपी. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आमची तीन कुणी अशी पाडली असती, तर मीही कुणाला सोडलं नसतं. प्लास्टिकची नळी फुटली म्हणून नळीची किंमत घ्या, असं कुणी म्हटलं असतं तर वेड लागलं असतं मला.

पण निकालाचं पुढे काय झालं बघा. काही दिवसांत तिथल्या मोठ्या क्लिनिक्सनी आयव्हीएफ थांबवलं. बीज वितळवताना एक दगावलं तर तो मुलाचा मृत्यू. कोण हात लावेल? पोटात इंजेक्शनं टोचून घेत ट्रान्सफरच्या तारखेपर्यंत आलेल्या बायका तशाच परत गेल्या. ज्यांनी ती इंजेक्शनं घेतली आहेत त्यांना यातला तळतळाट वेगळा सांगायला नको. ओरड झाली तसं विधिमंडळाने ६ मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, आयव्हीएफ करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. 'मूल' हा शब्द मात्र तसाच ठेवला. म्हणजे मूल आहे, पण उपचारात दगावलं तर कुणी जबाबदार नाही. असल्या मुलाला मूल म्हणून मिळालं काय? त्यापेक्षा टेनेसीच्या कोर्टाने १९९२ मध्ये घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याच्या सात बीजांबद्दल काढलेला मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो: ती व्यक्ती नाहीत, निव्वळ मालमत्ताही नाहीत, मधली काहीतरी आहेत आणि त्यांचा खास मान ठेवला पाहिजे.

आता आयर्लंड, कारण ते आपल्या घरापर्यंत येतं. १९८३ मध्ये तिथल्या घटनेत न जन्मलेल्या जिवाला आईच्या बरोबरीने जगण्याचा हक्क लिहिला गेला. बेळगावची सविता हलप्पनवार ही दंतवैद्य २०१२ मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात गेली, तेव्हा सतरा आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. ती गर्भपात करा म्हणत होती. ठोके लागतायत तोवर करता येणार नाही, असं सांगितलं गेलं. २८ ऑक्टोबरला ती जंतुसंसर्गाने गेली. ३१ वर्षांची होती. बरोबरीचा हक्क कागदावर किती छान वाटतो! खाटेवर एकच शरीर असतं आणि त्यात बरोबरी म्हणजे वाट बघणं. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ते कलम काढायला मत दिलं. त्याच देशात २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही ठरवलं होतं की फ्रीझरमधल्या बीजांना ते कलम लागत नाही, कारण ती अजून गर्भाशयात रुजलेली नाहीत. तिथेही बीजं तीनच होती. बाईला हवी होती, वेगळ्या झालेल्या नवऱ्याला नको होती.

रुजणं ही गोष्ट आपल्या बायकांना कायद्याच्या आधीपासून माहीत आहे. आयव्हीएफच्याही आधी मला एकदा नैसर्गिकरीत्या दिवस राहिले होते. सासूबाई म्हणाल्या, "तीन म्हयने होईसर कोणाक सांगू नको." मला राग आला होता, अंधश्रद्धा वाटली होती. आठव्या आठवड्यात ठोके थांबले आणि पिशवी साफ करावी लागली. घरी आल्यावर त्यांनी सुतक पाळलं नाही, पण पाच दिवस मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही, आणि रात्री डोक्यावर तेल घालत बसल्या. काहीतरी गेलं होतं हे त्यांना मान्य होतं. माणूस गेला असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. फलित झालेल्या बीजांपैकी कितीतरी रुजतच नाहीत, आणि बाईला पाळी आली एवढंच कळतं. काही वेळा फलित बीजातून मूल नाहीच, द्राक्षगर्भ होतो, द्राक्षांच्या घोसासारख्या फोडांचा. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत एका बीजाची दोनही होऊ शकतात, जुळी. पहिल्या दिवशी एक व्यक्ती नोंदवली आणि सातव्या दिवशी तिच्या दोन झाल्या, तर आधीची कुठे गेली? हा शब्दखेळ नाही, माझ्या धंद्यात याला वारसनोंद म्हणतात.

वारसाचं निघालंच आहे तर आपला कायदा सांगते. न जन्मलेल्या मुलाला तो मुळीच विसरलेला नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० प्रमाणे बाप मृत्युपत्र न करता गेला तेव्हा मूल पोटात असेल आणि नंतर जिवंत जन्मलं, तर त्याचा हिस्सा आधीच जन्मलेल्या मुलाइतकाच. माझ्याकडे असं एक प्रकरण आलं होतं. दिरांना फ्लॅटचं लवकर उरकायचं होतं, वहिनी सहा महिन्यांची होती. "थांबा," एवढाच माझा सल्ला होता. थांबले. पण कलमातले शब्द बघा: जिवंत जन्मलं तर. हक्क राखून ठेवलेला असतो, नावावर चढलेला नसतो.

गर्भपाताचंही तसंच, पायऱ्यापायऱ्यांनी. १९७१ च्या कायद्याआधी जी समिती नेमली होती तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. ही रेघ कुठेही ओढली तरी कुणावर तरी अन्याय होतो. २००८ मध्ये निकेता मेहता यांनी गर्भाच्या हृदयात दोष आहे म्हणून मुंबई हायकोर्टाकडे परवानगी मागितली. तेव्हाची २० आठवड्यांची मुदत उलटली होती, कोर्टाने नाही म्हटलं. उलट २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका कच्च्या कैद्याच्या निमित्ताने याच हायकोर्टाने लिहिलं की मानवी हक्क जन्मानंतर मिळतात आणि गर्भाबद्दलचा निर्णय त्या बाईचा. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने २६ आठवड्यांच्या गर्भाला धक्का लावू दिला नाही. गर्भ वाढतो तसं त्याचं वजन वाढतं, असं आपलं कायदेशीर धोरण आहे. विस्कळीत आहे, पण सासूबाईंच्या हिशोबाच्या जवळचं आहे.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण कुणीतरी विचारेलच: मग स्त्रीभ्रूणहत्येचं काय? गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला, आणि तो भ्रूणाला व्यक्ती न मानता केला. गुन्हा आहे तो मुलगी नको म्हणून निवड करण्याचा. म्हणूनच या चळवळीतले अनेकजण 'हत्या' शब्द टाळून 'लिंगनिवड' म्हणतात. तो 'हत्या' शब्द इतका रुळला की कायदेशीर गर्भपातासाठी आलेली बाईही मान खाली घालून बसते, आणि भिंतीवरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी तिला स्वतःवरचाच आरोप वाटते.

तर, भारतात असा कायदा नको, असं माझं उत्तर. फलित बीजाला मान द्या, त्याची विक्री होऊ देऊ नका, निष्काळजीपणे सांडणाऱ्याला भारी दंड करा. व्यक्ती करू नका.

आमच्या तिन्हींचं म्हणाल, तर २०२१ च्या एआरटी (म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याने बीज साठवायची मुदत दहा वर्षं आहे. त्यानंतर ती नष्ट होऊ द्यायची, किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायची. सेंटरकडून फॉर्म आला आहे. नवरा म्हणतो संशोधनाला देऊ. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे, मुदत मार्चला संपते, सही अजून केलेली नाही.