शून्यवादी व्हँपायर खलनायक टेबलावर कसा वठवावा?

तुम्ही विचारलंय की कँपेनच्या (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या, अनेक बैठका चालणाऱ्या कथेच्या) शेवटी येणारा तुमचा व्हँपायर शून्यवादी आहे, त्याला कशातच अर्थ वाटत नाही, तर त्याचा आवाज आणि संवाद कसे ठेवावेत. आवाजाचं आधी उरकते. घोगरा आवाज काढू नका. लांब सेशनमध्ये घसा बसतो, आणि तिसऱ्या वाक्याला कुणीतरी फिस्सकन हसतं. बाकीचं सविस्तर सांगते, कारण हे माझं जुनं दुखणं आहे.

दोन वर्षं चाललेल्या एका कँपेनची मी डीएम होते, म्हणजे कथा चालवणारी आणि खलनायकासकट बाकीची पात्रं वठवणारी. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं, चार खेळाडू. शेवटचा खलनायक चारशे वर्षांचा व्हँपायर. त्याच्यासाठी तीन पानी स्वगत लिहिलं होतं. तारे विझतात, राज्यं बुडतात, तुमचे देव तुम्हाला ओळखतही नाहीत, वगैरे. आरशासमोर तालीम केली होती, हे इथे कबूल करते. प्रत्यक्षात दुसऱ्या पानावर पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतल्या, चोराने विचारलं, "ते बोलतायत तोवर मी चांदीचे चमचे उचलू का?" वीस बाजूंचा फासा टाकला, थेट वीस पडला. डझनभर चमचे गेले, आणि माझ्या खलनायकाचं नाव त्या दिवसापासून पडलं "आजोबा".

तेवढं मी गिळलं असतं. पण पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) खेळणारा माझा जुना मित्र, ज्याच्याशी मी कॉलेजपासून भांडत आलेय, त्याने शांतपणे विचारलं, "कशालाच अर्थ नाही ना? मग आजोबा रोज संध्याकाळी शवपेटीतून उठतात कशाला?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. लढाई झाली, आजोबांचे हिट पॉइंट (किती जीव उरला ते मोजणारा आकडा) शून्यावर आले, आणि नियमाप्रमाणे ते धुकं होऊन शवपेटीकडे निघाले. दोन तासांत पोचायचं असतं, नाहीतर खेळ खलास. मित्र म्हणाला, "बघ, जीव घेऊन पळतायत. हे कसले शून्यवादी?"

त्याचं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की शून्यवादी खलनायक असूच शकत नाही, कारण खलनायकाला काहीतरी हवं असावंच लागतं. पुरावा म्हणून तो दर वेळी रेव्हनलॉफ्ट काढतो, याच खेळासाठी 1983 साली छापलेली तयार कथा. त्यातल्या स्ट्राड या व्हँपायर खलनायकाचा या खेपेचा हेतू काय, हे पत्ते काढून ठरतं. "पत्ते पिसून ठरवा, पण हवं पाहिजे!" आता स्ट्राड मुळात शून्यवादी नाहीच. एका बाईपायी सख्ख्या भावाला मारणारा सरदार तो. त्याला हवंच हवं आहे. या माणसाने हे उदाहरण माझ्यासमोर निदान दहा वेळा ठेवलंय.

त्या रात्री चिडून मी व्हँपायरचे आकडे पुन्हा वाचले. 144 हिट पॉइंट. जखमा दर टर्नला, म्हणजे त्याच्या प्रत्येक पाळीला, 20 ने आपोआप भरतात. पण उन्हात भरत नाहीत, उलट टर्न सुरू होताना 20 चं नुकसान होतं, आणि उन्हात धुकंही होता येत नाही. गणित करून बघा. आठ टर्न. राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) सहा सेकंदांचा, म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस सेकंद. ज्याला कशातच राम वाटत नाही त्याच्या हाताशी चारशे वर्षं रोज सकाळी ही सोय आहे. पडदा सारायचा आणि अठ्ठेचाळीस सेकंद उभं राहायचं. आणि ते त्याला जमलेलं नाही.

मला पात्र तिथे सापडलं. त्याच्या मनाने जगाचा हिशेब कधीच मिटवलाय, शरीराने मिटवलेला नाही. जखमा न विचारता भरतात, भूक न विचारता लागते, मरायची वेळ आली की न विचारता धुकं होतं. तो पळत नाही, त्याला नेलं जातं. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, फक्त ते सुचायला तीन आठवडे लागले.

पुढच्या भेटीत स्वगत काढून टाकलं. आजोबा विचारल्याशिवाय बोलायचेच नाहीत, आणि विचारलं की खरं सांगायचे, कारण खोटं बोललं तर ते लक्षात ठेवावं लागतं. पॅलाडिनने दरडावलं, "गावातली मुलं कुठे आहेत?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "खाली. दोन जिवंत आहेत." टेबलावर कुणी चमच्याचं नाव काढलं नाही. संवादांबद्दल माझ्याकडे एवढंच आहे: चार शब्दांच्या वर जाऊ नका. खेळाडूंच्या पात्रांची नावंही त्याला आठवायची गरज नाही.

बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही, हा नियम तर अशा व्हँपायरसाठीच केल्यासारखा आहे. दुसरा कुणी गोड बोलेल, भुरळ घालेल. आजोबा नुसते दारात उभे राहायचे. पहिली रात्र, दुसरी रात्र. पहाट झाली की निघून जायचे, अंधार पडला की पुन्हा हजर. चौथ्या रात्री घरातल्याच कुणीतरी दार उघडून "या" म्हटलं, नुसतं ते उभं राहणं संपावं म्हणून.

आणि कृपा करून जग जाळायला निघालेला शून्यवादी करू नका. जग जाळायला केवढी तळमळ लागते! तो रुसलेला माणूस असतो. (शून्यवादी म्हणतेय ते निहिलिस्ट या अर्थाने. नागार्जुनाचा शून्यवाद हे वेगळं प्रकरण आहे. "काहीच नाही" म्हणणाऱ्या उच्छेदवादाला बौद्ध परंपरेनेच खोडून काढलंय.)

हे आधी सांगायला हवं होतं: आजोबांची कथा आत्महत्येच्या अगदी शेजारून जाते. कँपेन सुरू होण्याआधी प्रत्येकाला एकेकट्याने विचारा की हा विषय टेबलावर चालेल का. मी विचारलं नव्हतं. कुणाला त्रास झाला नाही, पण तो नशिबाचा भाग होता. नवी पुस्तकं वापरत असाल तर आकडेही वेगळे आहेत, गणित पुन्हा करा.

शेवटच्या सेशनमध्ये मित्राने तोच प्रश्न पुन्हा टाकला, या वेळी पॅलाडिनच्या तोंडून. आजोबांनी उत्तर न देता पडदा सारला. मी टर्न मोठ्याने मोजायला लागले. एक, 124. दोन, 104. तीन, 84. चार, 64. कुणी फासा उचलला नाही. पाचव्याला आजोबा मागे सरले आणि सावलीत जाऊन बसले. नंतर पॅलाडिनने त्यांना खुर्चीतच संपवलं, फारशी लढाई झाली नाही.

मित्र आजही म्हणतो, "अगं, तो खलनायक नव्हता, पेशंट होता. आणि पाचव्याला मागे सरला म्हणजे त्याला जगायचं होतं. मी जिंकलो." मी इतकी वर्षं सांगतेय की ते शरीराने केलं, त्याने नाही. खरं म्हणजे माझ्या वहीत आठही टर्न लिहून ठेवले होते. आजोबा खिडकीतच राख व्हायचे होते. चौथ्यानंतर मलाच पुढचा आकडा म्हणवेना. हे उत्तर तो वाचणारच आहे, तेव्हा आता त्यालाही कळेल.