‘एक चष्मा घ्या, एक गरजूला जाईल’ म्हणणाऱ्या कंपन्या खरंच चष्मे वाटतात का?

वाटतात, पण बहुतेकदा स्वतःच्या हातांनी नाही. वॉर्बी पार्कर ही अमेरिकन कंपनी 2010 पासून हे करते आहे. तिचं बरंचसं काम व्हिजनस्प्रिंगसारख्या संस्थेमार्फत चालतं. ही संस्था स्थानिक माणसांना प्राथमिक नेत्रतपासणी शिकवते आणि चष्मे परवडेल अशा कमी किमतीत विकते. म्हणजे प्रत्येक चष्मा फुकटच जातो असं नाही. मला यात काही खटकत नाही. थोडे पैसे मोजून, फ्रेम स्वतः निवडून घेतलेला चष्मा वापरला जाण्याची शक्यता जास्त, आणि तपासणाऱ्याचा खर्चही थोडाफार निघतो.

खरी अडचण चष्म्याची नसतेच, तपासणीची असते. नंबर काढणारं कोणी जवळपास नसेल तर खोकंभर फ्रेम्स काय कामाच्या? त्यातल्या त्यात चाळिशीचं सोपं: तयार वाचनाचे चष्मे लावून बघता येतात. याचा परिणामही मोजला गेलाय. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या कामगारांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी इतरांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. लहान मुलं किंवा दोन डोळ्यांचे वेगवेगळे नंबर असतील तर मात्र नीट तपासणी हवीच.

घरातले जुने चष्मे देणार असाल तर त्याऐवजी पैसे द्या. दुसऱ्याचा नंबर जुळणं अवघड, आणि छाननीचा खर्च वेगळा. कंपनीला विचारायचंच असेल तर वाटलेल्या चष्म्यांचा आकडा नको, तपासणी कोण करतं ते विचारा.