दुर्बीण विकण्यापूर्वी

इंदूर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. पंधरा सेंटिमीटरची दुर्बीण विकून, थोडी भर घालून मोठी घ्यावी का, असे तू विचारले आहेस. विकू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. चिलीमध्ये ८.४ मीटर आरशाची रुबिन वेधशाळा काम करत असताना आपल्या एवढ्याशा आरशाने विज्ञानाचे काय साधणार, ही तुझी शंका मात्र रास्त आहे.

मोठ्या दुर्बिणीचा वेळ प्रस्ताव पाठवून मागावा लागतो, आणि तो मिळाला तरी वर्षानुवर्षे एकाच ताऱ्यावर नजर ठेवणे तिथे परवडत नाही. शिवाय अंधूक ज्योतींसाठी बनवलेल्या रुबिनच्या कॅमेऱ्याला आठव्या-नवव्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) इतका प्रखर पडतो की त्याचे नेहमीच्या रीतीने मोजमापच होत नाही. १९९९ मध्ये महाश्व समूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकताना झालेली दीडएक टक्क्याची प्रकाशघट शार्बोनो आणि ब्राउन यांनी टिपली, ती दहा सेंटिमीटरच्या उपकरणाने. आपल्याकडे जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी १९१८ चा गरुड समूहातील नवतारा, म्हणजे एकाएकी भडकलेला तारा, तीन इंची दुर्बिणीतून अभ्यासला, आणि पुढे अमेरिकेतील रूपविकारी (तेज बदलणारे) तारे निरीक्षकांच्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली.

१९११ पासून चालत आलेल्या याच संघटनेसाठी तू नोंदी कराव्यास, असे मला वाटते. तिच्या नकाशांवर तुलनेच्या, म्हणजे ज्यांच्याशी ताडून तेज ठरवायचे त्या, ताऱ्यांच्या प्रती दशांशचिन्हाविना छापतात, कारण तो ठिपका तारा समजला जाऊ शकतो; ८२ म्हणजे ८.२. समज, तुझा तारा ८२ पेक्षा मंद आणि ८८ पेक्षा तेजस्वी दिसला, आणि अंतराचा साधारण तिसरा हिस्सा उतरला असे वाटले, तर ८.४ लिही. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नकोस, तो पाहता पाहता अधिक तेजस्वी भासू लागतो. झटकन नजर टाकून बाजूला घे. कालच्या नोंदीत काय लिहिले होते, ते अंदाज करण्यापूर्वी मुळीच पाहू नकोस. ज्यूलियन दिवस, म्हणजे नोंदीत तारखेऐवजी लिहायचा दिवसांचा सलग क्रमांक, आपल्या घड्याळाने सायंकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली संपूर्ण रात्र एकाच क्रमांकात बसते. ही सोय युरोपातल्या निरीक्षकालाही आहे. आपल्या रेखांशाचाही उपयोग आहे, कारण अमेरिकेत दिवस असताना तिथल्या निरीक्षकांची साखळी तुटते, ती आपल्याकडून जोडली जाते. (सराफ्याच्या खाऊबाजारात मध्यरात्रीनंतरही गर्दी करणाऱ्या इंदूरकरांना जागरणाची भीती कोणी घालावी!)

शहराच्या उजेडाने अंधूक आकाशगंगा बुडतात हे खरे, पण आठव्या-नवव्या प्रतीचे तारे बुडत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने मात्र सोडून दे; तेव्हा जुन्या नोंदींचे आलेख काढावेत.

आरंभाला तिमिंगल समूहातील मीरा घे, सुमारे ३३२ दिवसांचे तिच्या तेजाचे चक्र आहे. जोडीला उत्तर मुकुटातील टी हा तारा ठेव, जो १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला होता आणि एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो. एखाद्या रात्री ढगाळ धुरकटपणामुळे तो दिसला नाही, तर वहीत जागा कोरी न ठेवता, दिसलेल्या सर्वांत मंद तुलनाताऱ्याची प्रत 'याहून मंद' या चिन्हासह लिही. स्फोट नेमका कोणत्या दोन रात्रींच्या मध्ये झाला, हे ठरवताना अशाच नोंदी लागतात.