ॲम्फीसारख्या फंडवाल्यांच्या संघटनेने डेटाचा एकच साचा ठरवून सामान्य गुंतवणूकदाराला काय मिळतं?

साचा असून तो न वापरल्याने माझा हिशेब ४,६०० रुपयांनी चुकला, म्हणून लिहितोय.

गुहागरला माझी म्युच्युअल फंडाची एजन्सी आहे. २०१८च्या गणपतीत मेहुणा मुंबईहून आला आणि गिऱ्हाइकांच्या रकमा रोज दिसाव्यात म्हणून एक्सेल करून दिली. ॲम्फीच्या साइटवर एनएव्हीची, म्हणजे एका युनिटच्या भावाची, साधी टेक्स्ट फाइल असते, हाच तो साचा: योजनेचा कोड, आयएसआयएन (प्रत्येक प्लॅनचा वेगळा ओळखक्रमांक), नाव, एनएव्ही, तारीख, मध्ये अर्धविराम. मी म्हटलं कोडवरून जुळव. "भावोजी, कोड कोण बघत बसणार? नाव घेऊ." आमच्या वाडीत एकाच नावा-आडनावाचे तिघे आहेत, पोस्टमनला 'विहिरीजवळचा' म्हणून सांगावं लागतं. पण कॉम्प्युटरमधला माणूस, त्यात बायकोचा भाऊ. गप्प बसलो.

पुढच्या मे महिन्यात एका निवृत्त गुरुजींना पावसाआधी कौलं बदलायची होती. एक्सेल बघून मी ऐंशी हजार येतील म्हणालो. आले ४,६०० कमी. गुरुजी स्टेटमेंट घेऊन आले, आकड्याखाली पेन्सिलीच्या दोन रेघा. "बेरीज चुकली रे तुझी," एवढंच म्हणाले. बेरीज बरोबर होती. २०१३ पासून डायरेक्ट (थेट कंपनीकडून) आणि रेग्युलर (एजंटामार्फत) असे एकाच योजनेचे वेगळे प्लॅन आहेत, एजंटाचं कमिशन नाही, खर्च कमी म्हणून डायरेक्टची एनएव्ही जास्त. गुरुजींचे युनिट रेग्युलरचे, एक्सेलने नावाचा पुढचा भाग बघून उचलली डायरेक्टची.

मेहुण्याचं म्हणणं, मी नाव अर्धवट टाकलं. बरं. मग १ एप्रिल २०२१ला सेबीच्या, म्हणजे फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, हुकमाने योजनांच्या नावातल्या 'डिव्हिडंड'चं 'आयडीसीडब्ल्यू' झालं आणि माझ्या डिव्हिडंडच्या ओळी कोऱ्या पडल्या, तेव्हा काय अर्धवट होतं? कोड जिथल्या तिथे होते.

तुम्ही एवढंच करा: स्टेटमेंटवरचा आयएनएफने सुरू होणारा बारा अक्षरी आयएसआयएन त्या फाइलीत शोधा, समोरच्या एनएव्हीला आपल्या युनिटांनी गुणा. एजंटाचं बोलणं, माझंही, फुकटात ताडून होतं.

हां, संघटना शेवटी फंड कंपन्यांचीच, वचक सेबीचा. आणि एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्यास कापली जाणारी रक्कम), कर वगैरे त्या गुणाकारात येत नाहीत. योजना दुसरीत विलीन झाली असेल तर जुन्या कोडाने चालू एनएव्ही सापडायची नाही.

४,६०० मी गुरुजींना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मेहुणा अजून म्हणतो, एवढ्याशा फरकाने काय होतं. त्या पावसात गुरुजींच्या मागच्या पडवीत तीन पातेली मांडलेली होती, ती त्याने कुठे बघितली?