डिस्क नवी, पॅड नवे. मग स्टिअरिंग का थरथरतं?

गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि पॅड बदलले. तीन-चार हजार किलोमीटर काहीच त्रास नव्हता. आता ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो, डिस्क वाकली, नवी टाका. (मुलुंड)

बीडाची (ओतीव लोखंडाची) डिस्क अशी सहजी वाकत नाही. तुमच्या प्रश्नातली कामाची गोष्ट म्हणजे मधले ते तीन-चार हजार किलोमीटर. डिस्कच्या जाडीतच खोट असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. इथे बहुतेक चांगली डिस्क किंचित तिरकी बसली आहे.

मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यामुळे हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढली की ते सुटतात, आणि ते साफ न करता नवी डिस्क वर चढवली जाते. हबवरचा केसाएवढा उंचवटा डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होतो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासते आणि हळूहळू झिजते. जाडीत ०.०१ ते ०.०२ मिमी फरक पडला तरी तो हाताला जाणवतो.

चाक काढा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तारेने टांगा, होजवर, म्हणजे त्याच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नका. हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. स्टडच्या बुडाशी जास्त, कारण गंज तिथेच दडतो. डिस्क सगळ्या नटांनी सारखी आवळून कडेपासून साधारण १० मिमी आत डायल गेज (डिस्क किती डगमगते ते मोजणारं घड्याळ) लावा आणि एक फेरा फिरवा. बहुतेक लहान गाड्यांना ०.०५ मिमीपर्यंत चालतं. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. जास्त आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. कित्येकदा एवढ्यानेच आकडा निम्म्यावर येतो.

तुमच्या डिस्कची जाडी मात्र आधीच बिघडली आहे, नुसत्या सफाईने ती सुधारणार नाही. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी शिल्लक असेल तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, नाहीतर जोडी बदला. काहीही केलंत तरी हब न घासता डिस्क चढवू देऊ नका. नाहीतर पुढच्या तीन-चार हजारांनंतर हाच प्रश्न पुन्हा पाठवाल.

ब्रेकचं काम झाल्यापासून ९०-१०० ला स्टिअरिंग हलतं, ब्रेक न दाबताही. (अंधेरी)

मग ब्रेकला दोष देऊ नका. काम करताना चाक निघालं होतं. बॅलन्सिंगचं वजन पडलं असेल, रिमच्या आत चिखल वाळला असेल किंवा चाक हबवर नीट बसलेलं नसेल. नट आवळायच्या गनने एकेक नट फुल आवळत गेलं की चाक एका बाजूला ओढलं जातं. गाडी जॅकवर घ्या, नट हाताने समोरासमोरच्या क्रमाने लावा, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळा. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. अलॉय चाकं असतील तर १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. तरीही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे टाकून पाहा: थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये.

पॅड बदलून आठवडाच झाला. लोणावळ्याहून आल्यापासून ब्रेक मारला की थरथर. (चेंबूर)

नवे पॅड डिस्कशी मिळण्याआधीच बोरघाट उतरलात. घाटभर ब्रेकवर पाय, आणि मग खालापूरच्या टोलला रांगेत पेडल दाबून उभे. तापलेल्या पॅडचा थर डिस्कच्या त्याच जागेवर छापल्यासारखा चिकटतो. डाग अनेकदा डोळ्यालाही दिसतो. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा. दर वेळी अर्धा-एक मिनिट चालत्या गाडीत ब्रेक थंड होऊ द्या. पूर्ण थांबू नका. ताजा डाग यात पुष्कळदा निघतो. नाही निघाला तर पॅड आणि डिस्क पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून घ्या. पॅड नवे असताना हीच कसरत आधी करायची असते, पण गॅरेजमध्ये ते सहसा कोणी सांगत नाही. घाटात वेग खालच्या गिअरने धरा, ब्रेक अधूनमधूनच.

स्टिअरिंग स्थिर आहे, पण पेडल पायाखाली धडधडतं. (दादर)

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम तपासा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ३०-४० च्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर अगदी हलकेच ओढा (इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हे करू नका). तीच धडधड आली, तर ड्रम गोल राहिलेला नाही.

दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर थरथर सुरू होते, गाडी डावीकडे ओढते आणि डावं चाक तापतं. (कांदिवली)

डाव्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. चाक तापलेलं असतानाच जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. जड फिरत असेल तर कॅलिपरचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) क्षणभर सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब अडकतोय, म्हणजे बहुधा रबरी होज आतून फुगला आहे. नाही झालं तर पॅड दाबणारा पिस्टन किंवा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम. पिन साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. निपल उघडलात तर ब्लीडिंग करून (आत शिरलेली हवा काढून) ब्रेक ऑइलची पातळी भरल्याशिवाय गाडी हलवू नका.

याच कामात लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुशही पाहून घ्या. खड्ड्यांनी तो पुष्कळदा फाटलेला असतो, आणि ब्रेकची किंचित थरथरही मग स्टिअरिंगवर मोठी होऊन येते.