ओव्हन नाही, बटर नाही: घरातल्या सामानात कुकीज होतील का?

तुम्ही लिहिलंय की घरात मैदा, बेसन, रवा, साखर, तूप एवढं आहे. ओव्हन नाही, बटर नाही, अंडं चालत नाही आणि मुलांना सुट्टी लागली आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलंय की शंकरपाळ्यांना घालतो तसं तूप कडकडीत तापवून मोहन घाला, म्हणजे खुसखुशीत होतील. आणि शेवटी विचारलंय की मैद्याऐवजी कणीक चालेल का.

होतील, उत्तम होतील. सरळ नानकटाई करा. फक्त काकूंचं मोहन तेवढं ऐकू नका. खरं सांगायचं तर त्या मोहनासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर इचलकरंजीचं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात घरून सामान घेऊन बेकरीत जायची आमच्याकडे पद्धत होती. बेकरीवाला सगळं कालवून, भाजून द्यायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. आई मात्र तूप घरीच फेसून न्यायची, ते काम तिने कधी कुणाच्या हाती दिलं नाही. उन्हाळ्यात तूप बरणीतच पातळ होतं, म्हणून ती पहाटे उठायची, मोठ्या घमेल्यात गार पाणी घ्यायची, त्यात परात ठेवायची आणि तळहाताच्या मागच्या भागाने तूप एकाच दिशेने घोटत बसायची. म्हशीचं रवाळ तूप. आधी हाताखाली कण लागतात, मग ते कण नाहीसे होतात, तूप जड होतं, आणि एका क्षणाला हाताला हलकं लागायला लागतं, परातीत फुगून लोण्यासारखं पांढरंशुभ्र होतं. मग त्यात पिठीसाखर, आणि पुन्हा घोटणं. तो हलकेपणा हाताला कळला की पुढचं सगळं सोपं असतं.

बेकरीतही तिचा हट्ट असायचा. पावाची खेप निघाल्यावर भट्टीची आच उतरायला लागते, त्या उतरत्या आचेतच तिचे पत्रे आत जायला हवेत. पावाला लागते ती आच नानकटाईला फार होते. वरून रंग येतो आणि आत कच्ची राहते. आम्ही पत्र्याच्या कोपऱ्यात खडूने आडनाव लिहून बाकावर वाट बघत बसायचो.

लग्न होऊन सांगलीला आले. एकत्र कुटुंब, स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंच्या हाती. त्यांच्या शंकरपाळ्या आजही आमच्या घरात दुसऱ्या कुणाला तशा जमत नाहीत. तोंडात टाकली की विरघळते, पदर सुटलेले दिसतात. त्या दिवाळीला मी म्हटलं, नानकटाई मी करते. जाड बुडाच्या कढईत वाळू घालून ठेवली होती, मी परात पुढ्यात घेऊन तूप घोटायला बसले होते. जाऊबाई आल्या आणि म्हणाल्या, "एवढा वेळ कोण घोटत बसणार? मोहन घाल की, झालं." त्यांनीच तूप उचललं, धूर निघेपर्यंत तापवलं आणि मैदा-पिठीसाखरेवर ओतलं. पीठ चकचकीत, सैल झालं. वर आणखी मैदा घातला, गरम गरमच गोळे वळले, ताटलीत लावले, ताटली कढईत गेली.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला म्हणून मी झाकण उचललं. ताटलीत गोळा असा राहिलाच नव्हता, एक अख्खी पोळी झाली होती. कडेला तूप बुडबुडत होतं आणि मधे पीठ कच्चं. जाऊबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "झाकण कशाला उघडलंस? वाफ गेली, बसल्या सगळ्या."

तेव्हापासून आमच्या घरात हेच सांगितलं जातं: हिने झाकण उघडलं आणि नानकटाई बसली. डोहाळजेवणाला सांगितलं, मंगळागौरीला सांगितलं, नव्या सुनांना तर हमखास सांगितलं जातं. सासूबाईंनी ते माझ्या आईसमोरही सांगितलं. आई काही बोलली नाही. व्याह्यांच्या घरी बसून ती काय बोलणार होती? पण पहाटे उठून परातीत हात घालणारी ती बाई, तिच्या लेकीला नानकटाई येत नाही असं तिला ऐकावं लागलं. ते मला आजही सहन होत नाही.

वाफ कसली जाणार? नानकटाईत पाणी घालतच नाहीत. चमचाभर दही पडतं, त्याची वाफ ती कितीशी! वाफेवर शिजणारा पदार्थ ढोकळा. नानकटाई उभी राहते ती फेसलेल्या तुपात अडकलेल्या हवेवर आणि सोड्यावर. तूप पातळ केलं की त्यात हवा धरतच नाही, वर पीठ गरम असेल तर कढईची आच लागताच तूप वाहायला लागतं. मैदा शिजून घट्ट व्हायच्या आत गोळा पसरलेला असतो.

मग शंकरपाळ्यांना मोहन कसं चालतं? तिथे मोहनाने मैद्याचा कण न् कण तुपात माखतो, पण पुढे दुधात किंवा पाण्यात पीठ घट्ट भिजवतो, लाटतो, कापतो आणि तापलेल्या तेलात सोडतो. वरची बाजू लगेच पक्की होते, पसरायला वेळच मिळत नाही. नानकटाईला ती सोय नाही, ती सावकाश भाजायची असते. एका पदार्थाचं शास्त्र दुसऱ्याला लावलं की असं होतं. जाऊबाईंचा हात चांगला आहे, पण या बाबतीत त्यांचं चुकलं, आणि मला ते लिहून ठेवायचं आहे.

आता तुमचं प्रमाण. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 2 चमचे, पिठीसाखर 125 ग्रॅम, तूप 150 ग्रॅम. वजनकाटा नसेल तर घट्ट तूप 1 वाटी, पिठीसाखर सव्वा, मैदा अडीच, बेसन अर्धी. साखर घरची मिक्सरमधून काढलेली चालते, चाळून घ्या. पाव चमचा खायचा सोडा, चमचाभर दही, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. सोडा मापापेक्षा जास्त नको, खारट-कडवट लागतो आणि रंगही काळपट येतो. तूप पातळ असेल तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बोट रुतेल इतकं घट्ट होऊ द्या. मग तूप आणि साखर फेसा. हाताने किंवा बीटरने, दोन्ही चालतं. पांढरं आणि हलकं होईपर्यंत थांबू नका. मग दही-सोडा घाला, चाळलेली पिठं घालून हलक्या हाताने गोळा करा, मळू नका. गोळे वळून, किंचित दाबून, ताटलीत बोटभर अंतराने लावा आणि ताटलीसकट पंधरावीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

कढई जाड बुडाची घ्या. तळाशी बोटभर मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या, मग ताटली आत ठेवून आच अगदी बारीक करा. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. वरून चिरा पडल्या आणि तळाला फिका गुलाबी रंग आला की गॅस बंद. कढईत खालून आच असते, त्यामुळे वरून सोनेरी रंग येत नाही, फिकीच राहते. म्हणून आणखी भाजत बसू नका, तळ जळेल. गरम असताना ती मऊ लागते, उचलली तर मोडते. ताटलीतच गार होऊ द्या.

पुतणी, म्हणजे जाऊबाईंचीच मुलगी, पुण्याहून आली होती तेव्हा तिला शिकवायच्या निमित्ताने मी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी केले. एकाच बरणीतलं तूप, एकच मैदा, सगळी मापं तीच. अर्धं तूप तापवून घातलं, अर्धं फेसून. एकाच ताटलीत डावीकडे मोहनाच्या, उजवीकडे फेसलेल्या. आणि मुद्दाम मधेच झाकण उघडलं, सगळ्यांसमोर. उजवीकडच्या उभ्या राहिल्या, वर छान चिरा पडल्या. डावीकडच्या एकमेकींना चिकटून सपाट झाल्या. जाऊबाईंनी उजवीकडची एक खाल्ली, मग दुसरी घेतली, आणि म्हणाल्या, "तूप वेगळं असेल." बरणी समोर ओट्यावर होती. पुतणी आता तूप फेसूनच करते, आईला विचारत नाही.

झाकणाचं खरं सांगायचं तर पहिली दहा-बारा मिनिटं उघडू नकाच. उघडलं की आतली आच उतरते आणि वेळ वाढतो. पण त्याने नानकटाई बसत नाही.

कुणी कुकरमध्ये भाजायला सांगेल. रिंग आणि शिट्टी काढून लोक करतात, पण रिकामा कुकर इतका वेळ तापवणं कुकरला चांगलं नाही. मी तरी माझा कुकर देणार नाही. नॉनस्टिक भांडं तर अजिबात नको. कढईतलं मीठ नंतर स्वयंपाकात घालू नका, डब्यात भरून पुढच्या वेळी कढईत भाजताना वापरा. वनस्पती तुपात जास्त खुसखुशीत होतात असंही सांगणारे भेटतील. ते घट्ट राहतं हे खरं, पण घरात साजूक तूप असताना मुलांना ते कशाला? आणि बटर नाही म्हणून हळहळू नका. बटरमध्ये सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं, तुपात जवळपास नाहीच, म्हणून मैद्याला चिकटपणा सुटत नाही आणि नानकटाई अशी भुसभुशीत होते. मात्र पुण्याच्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांसारखी चव हवी असेल तर ती तुपात येणार नाही, तिला बटरच लागतं.

कणीक चालते. सगळी कणीक घेतली तर रंग गडद होतो आणि थोडी रवाळ, जड लागते. अर्धी कणीक अर्धा मैदा घ्या, तूप एक-दोन चमचे वाढवा, कोंड्यात ते शोषलं जातं. कणीक आधी कोरडी भाजून पूर्ण गार करून घेतली तर कच्चट वास राहत नाही. गार म्हणजे गारच, गरम पिठात फेसलेलं तूप पडलं की इतका वेळ घोटलेलं सगळं वाया.

डब्यात भरताना घाई करू नका, आत थोडी जरी ऊब राहिली तरी दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. तशा पडल्याच तर पुन्हा कढईत पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा, गार झाल्या की पहिल्यासारख्या होतात.