पुण्याच्या आसपासचा जत्रांचा मोसम: काय बघावं, कसं बघावं

तुमचा प्रश्न वाचला. नागपूरहून बदली होऊन आलात, डिसेंबरात सवाई ऐकलात, जानेवारीत चित्रपट महोत्सवही झाला, आणि आता ऑफिसातले सगळे सांगतायत की गणपतीपर्यंत पुण्यात बघण्यासारखं काही नाही. दहा वर्षांचा मुलगा आहे, त्याची परीक्षा संपत आलीय, तर कुठे जावं?

ऑफिसातल्यांचं ऐकू नका. होळी ते अक्षय्य तृतीया हा दीड महिना पुण्याच्या आसपासच्या कलेचा भरातला मोसम आहे. फक्त तो नाट्यगृहात दिसत नाही, गावच्या वेशीवर दिसतो. मी पंचवीसेक वर्षं या दिवसांत फिरतोय, त्यावरून सांगतो.

आधी भिंतीवर तिथीचं कॅलेंडर लावा. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला आला, २०२५ ला ३० मार्चला आणि २०२६ ला १९ मार्चला. तीन पाडव्यांत तीन आठवड्यांचा फरक पडला. गेल्या वर्षीच्या फोटोवरची तारीख धरून निघालात तर देवळासमोर नुसती पालं उठल्याच्या खुणा सापडतील. शिवाय जत्रा रविवार बघून भरत नाही, तेव्हा दोन-तीन रजा राखून ठेवा.

शहरातलं थोडक्यात सांगतो. रामनवमीला सकाळीच तुळशीबागेतल्या राममंदिरात जाऊन बसा, जन्माचं कीर्तन ऐका, दुपारी बाराला पाळणा झाला की सुंठवडा घेऊन बाहेर पडा. चैत्रगौरीच्या महिन्यात कोणी हळदीकुंकवाला बोलावलं तर घरातल्यांना जरूर पाठवा. आंब्याची डाळ आणि पन्हं तर आहेच, पण दारातलं चैत्रांगण नीट बघायला सांगा. गौर, शंख, चक्र, कासव, गोपद्मं असं सगळं एका रांगोळीत काढणारे हात आता कमी उरलेत. सुट्टी लागली की बालनाट्यं सुरू होतील, ती तुम्हाला जाहिरातीत दिसतीलच.

आता शहराबाहेर. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाड असतं. (चांदणी चौकाशेजारचं बावधन नव्हे, सातारा जिल्ह्यातलं.) होळीला भैरवनाथापुढे कौल लावून बगाड्या, म्हणजे त्या वर्षी बगाडावर चढणारा माणूस, ठरतो. पंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत तो प्रचंड लाकडी गाडा बैल ओढत आणतात, आणि उंच शिडाच्या टोकाला बगाड्या बांधलेला असतो. वाट शेतांतली असते. चाक ढेकळात रुतलं की सगळं रान श्वास धरतं, ताजे बैल जुंपले जातात, आणि गाडा हलला की जो गजर उठतो तो प्रत्यक्षच ऐकायला हवा.

चैत्र शुद्ध द्वादशीला सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटातून वर चढते. उभ्या कड्यावर माणसांची साखळी करून, ‘हर हर महादेव’ म्हणत, पाण्याने भरलेली कावड हातोहात वर नेतात. मुलाला घेऊन घाटात उतरू नका, वरूनच बघा. कोल्हापूरजवळच्या जोतिबाची चैत्री पौर्णिमा तुम्हाला लांब पडेल, पण गुलालात डोलणाऱ्या सासनकाठ्या आणि दवण्याचा वास यासाठी एकदा तरी जाच.

पण मला खरं सांगायचंय ते तमाशाबद्दल. पुण्याहून नाशिक रस्त्याने ७५ एक किलोमीटरवर नारायणगाव आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. त्यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा बोर्ड, आत सतरंजी आणि वही घेऊन बसलेला मॅनेजर. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, चहा होतो, कलावंत किती, गाडी किती वाजता पोचणार, दुसऱ्या दिवशीची हजेरी (दिवसाचा खेळ) धरून किती, अशी घासाघीस होते आणि इसार देऊन सुपारी पक्की होते. पौर्णिमा आणि अष्टमीच्या रात्रींना मागणी सगळ्यात जास्त. अख्ख्या वर्षाची कमाई या थोड्या रात्रींवर असते. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. त्या वर्षीचा हंगाम बुडाला आणि पुढच्या वर्षीचाही. फडमालकांवर चढलेलं कर्ज तेव्हा मी जवळून पाहिलंय, म्हणून कोणी ‘तमाशा काय बघायचा’ म्हटलं की मला वाईट वाटतं.

राहुट्यांवर हिंडलात तर कुठल्या गावाला कुठला फड कोणत्या रात्री आहे ते विचारा, आनंदाने सांगतात. मग त्या गावी जेवून-खाऊन रात्री दहाच्या आत पोचा. आधी देवाचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघेल, दारूकाम होईल. स्टेजच्या मागच्या अंगाला जाऊन हलगीवाला बघा. कागद-पाचटाचा लहानसा जाळ करून तो हलगी शेकत असतो. दोन बोटांनी टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा जाळावर धरतो. कातडं ताणलं गेलं की तो खणखणीत नाद येतो, आणि तेवढ्यात स्टेजवरून ढोलकीची थाप पडते. तिथून पुढे ढोलकी आणि हलगीची जी सवाल-जबाबी चालते, तिच्यासाठी मी मैलोन् मैल गेलोय.

मग गण, म्हणजे गणपतीचं नमन, मग गवळण. बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या, आणि डोक्यावरून पदर घेतलेली मावशी, जी बहुतेक वेळा पुरुषच करतो. मावशीचं बोलणं लिहिलेलं नसतं. गावातल्या सरपंचाचं नाव, कालच्या सभेतलं भांडण, रस्त्याचा खड्डा, सगळं तिथल्या तिथे गुंफलं जातं. मागे झीलकरी सूर धरून असतात. त्यानंतर रंगबाजी, म्हणजे गाण्यांचा आणि नाचाचा भाग. इथे हल्ली सिनेमाची गाणी फार होतात आणि पुढची पोरं त्यासाठीच आरडाओरडा करतात. बरेच लोक इथेच उठतात. तुम्ही उठू नका. मध्यरात्र उलटली की वग, म्हणजे तमाशातलं नाटक, लागतो. सोंगाड्या कसा आहे, फड कसा आहे, ते वगात कळतं. प्रेक्षकच नाहीत म्हणून वग आटोपता घेतलेला मी पाहिलाय, आणि दोनशे माणसं पहाटेपर्यंत बसलीत म्हणून कलावंतांनी जीव ओतलेलाही पाहिलाय. तुमच्या बसण्याने खरोखर फरक पडतो.

चैत्रातही रात्र गार असते, शाल आणि चटई न्या. बायकांना बसायला बऱ्याच गावांत वेगळी बाजू असते, कमिटीवाल्यांना विचारलं की ते नीट बसवतात.

मुलासाठी दुसरा दिवस ठेवा. खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात जत्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावेवर, बैलगाडे पळतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. चार बैल, पुढे घोडी, एकेक गाडा सुटतो आणि सेकंदांवर निकाल लागतो. मुलाला घेऊन कडेला उंचावर बसा, धावेच्या तोंडाशी अजिबात नको.

आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. मोठ्या इनामाच्या कुस्त्या उन्हं उतरल्यावर लागतात, पण सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांपासूनची पोरं लंगोट लावून, मातीत उतरून भिडतात, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत पंच रेवड्या टाकतात. बाहेरगावचं पोर दिसलं की जोड लावायला पंच स्वतः हाक मारतात. मुलाची इच्छा असेल तर घरून जुनी चड्डी आणि टॉवेल घेऊन जा.